कंबरदुखी, तहान आणि हाडातला मगज
(दिवाळे गावातील महिला बचत गटांच्या समन्वयिकेने समुदाय रेडिओवर केलेलं भाषण)

आम्ही दिवाळ्याहून बोलतोय. दिवाळे म्हणजे सीबीडी बेलापूरला खेटून असलेलं आमचं खाडीकाठचं कोळी गाव. एका बाजूला मोठमोठ्या कचेऱ्या, दुसऱ्या बाजूला बंदर, आणि मध्ये आमचा मासळी बाजार. तुमच्यापैकी कुणी भात लावत असेल, कुणी ऊस खुरपत असेल. आम्ही बर्फ आणि मासळीच्या पाट्या उचलतो. काम वेगळं, पण एक वाक्य सगळीकडे सारखंच ऐकू येतं. "काय सांगू बाय, कंबर नुसती मोडून आली."

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्याकडे कान देणंच सोडून देतो. आमच्याही हातून तेच झालं. म्हणून आज आमच्या गटातल्या एका मावशीची गोष्ट सांगायची आहे. त्यांच्या परवानगीने सांगतोय, फक्त नाव घेणार नाही.

मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या. तीस-पस्तीस वर्षं मासळी विकलेली. पावसाळ्यात पाठ दुखायला लागली. आधी चोळून घेतली, मग मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. गटाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा आम्हीच म्हटलं, "या वयात बायकांची हाडं झिजतातच. कॅल्शियम घ्या." एवढ्यावर न थांबता आम्ही सगळ्यांनी मिळून कॅल्शियमच्या गोळ्यांचे डबे स्वस्तात आणले आणि मावशींना दोन डबे दिले. चांगल्या मनाने दिले. पण तपासणी न करता दिले.

पुढच्या दोन महिन्यांत मावशींना खूप तहान लागू लागली. रात्री चार-चार वेळा लघवीला उठायच्या. साखर तपासली, ती बरोबर आली, म्हणून सगळे निर्धास्त झालो. मग बद्धकोष्ठ, मळमळ, जेवण जाईना. तोंडावर पांढरेपणा आला. आणि एक दिवस बाजारात त्यांनी गिऱ्हाईकाला पन्नासच्या जागी पाचशेची नोट परत दिली. मैत्रिणींनो, या मावशी म्हणजे आमच्या गटाचं चालतं-बोलतं हिशोबाचं पुस्तक! पन्नास बायकांचे हप्ते तोंडपाठ. त्यांचा हिशोब चुकला तेव्हा आम्ही हसलो, म्हणालो, "मावशी, म्हातारपण आलं." तेव्हा हसलो, ते आजही मनाला लागतं.

आठ दिवसांनी त्यांनी रोजच्यासारखी पाटी उचलली आणि छातीत काडी मोडावी तसा आवाज झाला. बरगडी मोडली होती. पडल्या नव्हत्या, धडकल्या नव्हत्या. रुग्णालयात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.८. किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन २.६. आणि रक्तातलं कॅल्शियम १३.४. आम्ही तर चक्रावलोच. हाडं ठिसूळ, म्हणजे कॅल्शियम कमी असायला हवं ना? मग ते वाढलं कसं?

या एका प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायला आम्हाला बरेच दिवस लागले. डॉक्टरांना, नर्सताईंना परत परत विचारलं. ते उत्तर आज तुमच्यासमोर ठेवतो.

हाड म्हणजे दगड नव्हे

आपल्याला वाटतं हाड म्हणजे निर्जीव वस्तू. तसं नाही. हाड जिवंत असतं आणि त्याची डागडुजी रोज चालू असते. आमच्याकडे होडी किनाऱ्यावर ओढून दुरुस्त करतात तेव्हा आधी कुजलेली फळी काढावी लागते, मग तिथे नवी बसवावी लागते. हाडातही असेच दोन कारागीर आहेत. एका जातीच्या पेशी जुनं हाड विरघळवून काढतात. दुसऱ्या जातीच्या पेशी तिथे नवं हाड भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी असा नवा होतो. जोवर काढणारे आणि बसवणारे बरोबरीने चालतात, तोवर होडी शाबूत राहते.

पाळी गेल्यावर काढणाऱ्यांचा वेग वाढतो आणि बसवणारे मागे पडतात. त्यामुळे बायकांची हाडं हळूहळू विरळ होतात. ही नेहमीची हाडांची झीज. तिच्यात रक्तातलं कॅल्शियम सहसा बरोबर असतं, किडनी बरोबर असते, आणि त्या झिजेमुळे रक्त कमी होत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मगजातला बिघाड

हाडाच्या आत मऊ मगज असतो. डॉक्टर त्याला अस्थिमज्जा म्हणतात. आपलं रक्त तिथे तयार होतं. त्या मगजात प्लाझ्मा नावाच्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, बनवणं हे त्यांचं काम. कधी कधी यातली एखादी पेशी बिघडते आणि बेसुमार वाढत सुटते. या आजाराचं नाव मल्टिपल मायलोमा. मायलो म्हणजे मगज, आणि मल्टिपल म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी. पाठीचे मणके, बरगड्या, कंबरेचं हाड, खुबा, खांदा, कवटी, जिथे जिथे मगज, तिथे तिथे हा आजार वस्ती करू शकतो.

हा रक्ताचा कॅन्सर आहे. सगळ्या कॅन्सरांत शंभरातला साधारण एक. म्हणजे फार आढळणारा नाही. बहुतेक वेळा पन्नाशी-साठीनंतर दिसतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मावशींच्या आळीत काहींनी त्यांच्या हातचा चहा घेणं बंद केलं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता हाड कसं पोखरतं ते ऐका. या बिघडलेल्या पेशी मगजात बसून तिथल्या शेजारी पेशींना भडकवतात. त्यातून रँक-एल नावाचा निरोप जास्त सुटतो. हा निरोप हाड काढणाऱ्या कारागिरांसाठी असतो आणि त्यात एवढंच असतं की "काढा, आणखी काढा." या निरोपाला अडवणारा एक नैसर्गिक लगामही शरीरात असतो, तोही कमी होतो. आणि दुसऱ्या बाजूने या पेशी अशी रसायनं सोडतात की नवं हाड बसवणारे कारागीर कामावरच येत नाहीत. एकीकडे फळ्या निघत राहतात, दुसरीकडे नवी एकही बसत नाही. मग होडीचं काय होणार?

आणखी वाईट असं की हाड विरघळलं की त्यात साठलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात, आणि तीच या कॅन्सरच्या पेशींना खुराक म्हणून मिळतात. पेशी वाढल्या की हाड आणखी विरघळतं, हाड विरघळलं की पेशी आणखी वाढतात. चाक असं फिरत राहतं.

म्हणून एक्स-रेमध्ये या रुग्णांच्या हाडांना गोल गोल भोकं दिसतात, जसं किड्याने लाकूड पोखरावं तसं. निदानाच्या वेळी दहापैकी साधारण आठ जणांच्या हाडांना इजा झालेली असते. पण साध्या एक्स-रेवर भोक दिसायला त्या जागेचं निदान तीस टक्के तरी हाड गेलेलं असावं लागतं. म्हणजे एक्स-रे चांगला आला म्हणून सगळं चांगलंच असेल, असं नाही. लवकर बघायचं तर सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅन लागतो.

हे आजचं नाही. १८४४ साली लंडनमध्ये सारा न्यूबरी नावाच्या ३९ वर्षांच्या बाईची नोंद झाली. तिची हाडं इतकी पोखरली होती की नवऱ्याने उचलून बिछान्यावर ठेवताना तिच्या मांड्यांची हाडं मोडली. तेव्हा कुणाकडे उपाय नव्हता. आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण अभिनेत्री किरण खेर यांचं. नोव्हेंबर २०२० मध्ये चंदीगडला घरी त्यांचा हात मोडला, तपासण्या झाल्या आणि हा आजार निघाला. उपचारासाठी त्या मुंबईला आल्या. १ एप्रिल २०२१ रोजी अनुपम खेर यांनी ही गोष्ट जाहीर केली, आणि २०२२ मध्ये त्या पुन्हा टीव्हीवर परीक्षक म्हणून बसल्या. दोन्ही बायकांची खूण एकच, हाड मोडणं. पण मधल्या पावणेदोनशे वर्षांत उपाय आले.

रक्तात कॅल्शियम वाढतं ते असं

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं शंभरातलं नव्व्याण्णव भाग हाडांत. रक्तात अगदी थोडं, दर शंभर मिलिलिटरला साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. हे प्रमाण शरीर काटेकोर सांभाळतं, कारण हृदयाचा ठोका, नसा, स्नायू आणि मेंदू सगळे त्यावर चालतात. कालवणात मीठ हवंच, पण मुठीने पडलं तर कालवण कुणी तोंडात घालत नाही. तसंच हे.

हाड वेगाने विरघळलं की त्यातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. म्हणजे मावशींच्या रक्तात वाढलेलं कॅल्शियम मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या हाडांतून आलेलं होतं. तिजोरी फुटली आणि पैसे रस्त्यावर सांडले, अशी ती गोष्ट. रस्त्यावर पैसे दिसतात म्हणून घर श्रीमंत होत नाही!

जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकायचं काम किडनीचं. पण कॅल्शियम वाढलं की किडनीची पाणी राखून ठेवायची ताकद जाते. मग लघवी जास्त होते, अंगातलं पाणी आटतं, तहान लागते. पाणी आटलं की किडनीकडे रक्त कमी जातं, आणि ती कॅल्शियम आणखी कमी बाहेर टाकते. पुन्हा एक चाक. वर मळमळीमुळे माणूस पाणीही पीत नाही. त्यातच बिघडलेल्या पेशींनी बनवलेली निकामी प्रथिनं किडनीच्या बारीक नळ्यांत गाळासारखी तुंबतात. आणि दुखण्याच्या गोळ्या, ज्या आपण शेंगदाण्यासारख्या खातो, त्या अशा किडनीवर शेवटचा घाव घालू शकतात.

कॅल्शियम वाढल्याने आतडी सुस्त होतात, म्हणून बद्धकोष्ठ. स्नायू ढिले पडतात, म्हणून गळाठा. आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस विसरतो, गोंधळतो, सारखा झोपतो, फार वाढलं तर बेशुद्धही होतो. मावशींच्या हातून गेलेली ती पाचशेची नोट म्हातारपणाने गेली नव्हती.

मगजात गर्दी झाल्याने चांगलं रक्त तयार व्हायलाही जागा उरत नाही, म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. चांगली प्रतिपिंडं कमी पडतात, म्हणून न्यूमोनियासारखे संसर्ग परत परत होतात. प्रत्येक रुग्णाचं कॅल्शियम वाढतंच असं नाही. अनेकांमध्ये पाठदुखी आणि रक्त कमी होणं एवढंच दिसतं.

मग कॅल्शियमच्या गोळ्यांचं काय?

आम्ही डॉक्टरांना घाबरत घाबरत विचारलं, "आमच्या गोळ्यांनी हे झालं का?" ते म्हणाले, "आजार गोळ्यांनी झालेला नाही. पण कॅल्शियम वाढलेलं असताना वरून गोळ्या द्यायच्या नसतात. त्या आम्ही लगेच बंद केल्या." मनावरचं ओझं थोडं हलकं झालं, सगळं नाही.

पण मैत्रिणींनो, हे ऐकून कुणी घरातल्या कॅल्शियमच्या गोळ्या फेकू नका. गरोदर बाईला, बाळंतिणीला, तपासणी करून डॉक्टरांनी सांगितलेल्या बाईला त्या हव्याच. आमचं म्हणणं इतकंच की कंबर दुखते म्हणून एकीने दुसरीला डबा देऊ नये. आमच्या गटाने आता गोळ्या एकत्र आणणं बंद केलंय. त्याऐवजी रक्ततपासणीला जायचं असेल तर रिक्षाभाडं गटातून देतो.

तपासण्या कोणत्या?

पहिल्या तपासण्या साध्या आहेत. हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्ततपासणी, क्रिएटिनिन, रक्तातलं कॅल्शियम, एकूण प्रथिनं आणि अल्ब्युमिन. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा दिसतो त्याहून खरा जास्त असू शकतो, म्हणून दोन्ही एकत्र बघतात. संशय आला तर सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी करतात. त्यात बिघडलेल्या पेशींचं प्रथिन उंच सुळक्यासारखं दिसतं. शेवटी कंबरेच्या हाडातून मगजाचा नमुना घेतात. मावशींना त्याचीच जास्त धास्ती होती. नंतर म्हणाल्या, "मला वाटलं हाडच कापतील. जागा बधिर करून सुई घातली. थोडं दुखलं, पण पाटीच्या ओझ्यापेक्षा कमी."

उपचार

आधी कॅल्शियम उतरवलं. त्यासाठी शिरेतून सलाईन, म्हणजे आटलेलं पाणी भरून काढायचं. मग झोलेड्रॉनिक ॲसिड नावाचं औषध शिरेतून. हे औषध हाडाला चिकटतं, आणि हाड काढणारी पेशी हाडाबरोबर ते गिळते आणि थंड होते. दोन-चार दिवसांत कॅल्शियम खाली येतं. पुढे हेच औषध ठरावीक अंतराने देत राहतात, हाडं मोडू नयेत म्हणून. किडनी कमजोर असेल तर डॉक्टर मात्रा बदलतात किंवा दुसरं औषध देतात.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे औषध सुरू करण्याआधी दात तपासून घ्यायचे. काढायचा दात आधीच काढायचा. औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. आपल्यात मिश्री लावणाऱ्या बायका पुष्कळ, दातांची दुखणीही पुष्कळ. म्हणून हे सांगितलं.

मूळ आजारावर बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड, डेक्सामेथासोन अशी औषधं एकत्र देतात. तब्येत साथ देत असेल तर रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून ठेवतात, जोरदार औषध देतात आणि त्या पेशी परत सोडतात. यालाच बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं. त्याच टाटाचं खारघरचं केंद्र, ॲक्ट्रेक, आमच्या गावापासून फार लांब नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि कोणता उपचार बसतो ते उपचार सुरू होण्याआधीच विचारा.

खरं सांगायचं तर हा आजार सहसा मुळातून जात नाही. पण दाबून ठेवता येतो, बऱ्याच जणांना अनेक वर्षं. आणि आजार दबला तरी हाडातली जुनी भोकं पूर्ण भरतातच असं नाही. म्हणून सांभाळून राहावं लागतं. ओझं उचलायचं नाही, वाकून झटका द्यायचा नाही, पण अंथरुणालाही खिळायचं नाही. चालत राहायचं, डॉक्टर सांगतील तेवढं पाणी प्यायचं. आणि पाठ चोळून, दाबून घ्यायची नाही. पोखरलेला मणका त्याने खचू शकतो.

केव्हा उठायचं?

सगळ्या कंबरदुख्या मायलोमा नसतात, बहुतेक नसतातच. पण पुढच्या खुणा दिसल्या तर चोळणारीकडे न जाता रुग्णालयात जा.

पाठ किंवा बरगडी महिन्याहून जास्त दुखते, विश्रांतीनेही थांबत नाही, रात्री झोपमोड करते.
पाठदुखी आहे आणि सोबत अशक्तपणा, रक्त कमी, वजन उतरणं.
न पडता हाड मोडलं, किंवा उंची कमी झाली, पाठीला पोक आलं.
साखर बरोबर असूनही खूप तहान, खूप लघवी, आणि बद्धकोष्ठ, मळमळ.
हुशार बाई अचानक गोंधळू लागली, सारखी झोपू लागली. अशा वेळी त्याच दिवशी न्या.
पायांतली ताकद गेली, पाय बधिर झाले, लघवी-शौचावरचा ताबा सुटला. मणका खचून मज्जारज्जू दाबला गेल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी काही तासही वाया घालवू नका.

मावशींना आता चौदा महिने झाले. कॅल्शियम उतरलं, हिमोग्लोबिन दहाच्या वर आलं, किडनी बरीच सावरली. उंची मात्र दोन बोटं कमी झाली, ती परत येणार नाही. औषध चालू आहे आणि चालूच राहील. बाजारात त्या पुन्हा बसतात, पण पाटी उचलत नाहीत. ती दोघीजणी मिळून उचलायची असा नियम आम्ही सगळ्यांसाठीच केलाय. गेल्या महिन्यात गटाचा हिशोब बारा रुपयांनी चुकत होता. आम्ही तिघी तासभर शोधत बसलो. मावशींनी चष्मा लावला, पान उलटलं आणि बोट ठेवलं. "हे बघ बाय, इथं."

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटात कुणाचा हिशोब चुकायला लागला, कुणी सारखी पाणी मागायला लागली, कुणाची कंबर महिनाभर थांबेनाशी झाली, तर हसण्यावारी नेऊ नका. तिला विचारा, आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.